कप्पीची कुरकुर

रायगड पाहायला निघालेली शाळेची सहल महाड सोडून पायथ्याच्या हिरकणीवाडीला पोचली, की मुलांत हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो पायऱ्यांनी जाऊ, दुसरा म्हणतो रोपवेने. पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत आणि रमतगमत चढायला दीड-दोन तास सहज लागतात. १९९६ साली सुरू झालेला रोपवे सुमारे ७५० मीटर लांबीच्या दोरावरून जवळजवळ ४०० मीटरची उंची चारेक मिनिटांत चढतो.

या दोन वाटांची तुलना नववीच्या वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे. साठ किलो वजनाचा माणूस ४०० मीटर चढतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ६० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे २,३५,००० ज्यूल कार्य होते. ते दीड तासात केले तर शक्ती पडते सुमारे ४४ वॉट. तेच कार्य चार मिनिटांत करायचे तर सुमारे ९८० वॉट लागतात, म्हणजे माणशी सव्वा अश्वशक्तीच्याही वर. कार्य तेच, फक्त घाई वाढली! रोपवेत एका बाजूचे पाळणे वर जाताना दुसऱ्या बाजूचे खाली येतात. त्यामुळे रिकाम्या पाळण्यांची वजने एकमेकांना तोलतात आणि मोटरीच्या वाट्याला उरतो तो दोन्ही बाजूंच्या भारातला फरक आणि घर्षण.

हे गणित सोपे आहे. पण पाळण्यात बसलेल्या एखाद्या मुलीला विचारून पाहा, "आत्ता तुला कोणी धरून ठेवले आहे?" ती म्हणेल, दोराने. दोराला कोणी? चाकाने. चाकाला? आसाने, मग खांबाने, मग डोंगराने. या साखळीतला प्रत्येक दुवा भार पेलतो आणि त्यातला कोणताही एक दमला तर सगळेच संपते. मग तो दमत आला आहे हे आधी कळते का? भार उचलण्याच्या साधनांचा इतिहास आपण बहुधा "किती वजन उचलले" या अंगाने सांगतो. आम्ही तो येथे या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहोत.

पाठीवरचे ओझे आणि घाटाची वळणे

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा हा गड एका राज्याची राजधानी होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवरच्या या माथ्यावर धान्य, मीठ, लाकूड, लोखंड, कापड हे सारे खालून वर जात असे, आणि जात असे ते माणसांच्या डोक्यावरून, पाठीवरून आणि जनावरांवरून. या पद्धतीत एक मोठा गुण होता. भार पेलणारा बोलू शकत असे. पाय भरून आले की हमाल ओझे टेकवतो आणि दोन घटका बसतो.

अशा चढणीला माणसाने शोधलेले पहिले यंत्र म्हणजे उतरण. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना आपण त्या यंत्रावरूनच जात असतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आणि रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा, म्हणजे सरासरी दर तीस मीटर चालीला एक मीटर चढ. बल कमी लावायचे असेल तर अंतर जास्त चालावे लागते. हा सौदा एकदा समजला की पुढची सगळी साधी यंत्रे समजतात, कारण तरफ, चाक, कप्पी या सगळ्यांचा सौदा हाच आहे.

मोटेचे चाक

महाडहून वरंध घाट चढून भोरकडे उतरले की आपण देशावर येतो. डिझेलची इंजिने आणि विजेचे पंप येईपर्यंत देशावरच्या विहिरींवर मोटा चालत. आजच्या विद्यार्थ्यांनी मोट पाहिलेली नसते, म्हणून तिची रचना थोडक्यात सांगतो.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला खालच्या बाजूला एक लांब सोंड असते. विहिरीच्या काठावर खांब उभारून त्यांवर एक मोठे चाक बसवलेले असते. त्या चाकावरून मोटेच्या तोंडाला जाणारा जाड दोर म्हणजे नाडा. खाली थारोळ्याच्या कडेला एक आडवा लाकडी कणा असतो. त्यावरून सोंडेच्या टोकाला जाणारा बारीक दोर म्हणजे सोंदूर. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला बांधलेले. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून दूर उतरत जाणाऱ्या वाटेवरून चालत गेले की मोट वर येते. सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी पाटाला लागते.

येथे विद्यार्थ्यांना दोन गोष्टी दाखवता येतात. पहिली ही की, जागच्या जागी फिरणारी एकच कप्पी बल कमी करत नाही, ती फक्त बलाची दिशा बदलते. शंभर किलोचे पाणी वर आणायला शंभर किलोहून थोडी जास्तच ओढ लागते. धाव उतरती ठेवल्याने बैलांचे स्वतःचे वजन त्यांच्या मदतीला येते, हा खरा फायदा.

दुसरी गोष्ट दोष ओळखण्याची आहे. मोट वर येता येताच पाणी परत विहिरीत सांडू लागले तर नवखा माणूस मोट फाटली असे समजेल. पण फाटलेल्या मोटेचे पाणी फाटल्या जागेतून गळते. सोंडेतून धार लागली असेल तर मोट शाबूत आहे आणि सोंदूर ताणून लांब झाला आहे. सोंडेचे टोक मोटेतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेले की पाणी तिथून वाहणारच. म्हणजे लक्षण विहिरीत दिसते आणि कारण जुवाच्या गाठीपाशी असते. दोराने चालणाऱ्या यंत्रांत ही गोष्ट वारंवार भेटते. दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे.

चाक कुरकुरू लागले की आसाला तेल घालायची वेळ झाली, हेही सर्वांना ठाऊक होते. कुरकुर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे बैलांच्या मानेवर फुकटचा भार. नाड्याचा जो भाग भरल्या मोटेच्या वेळी चाकावर येतो तो आधी झिजतो. तिथले धागे तुटून दोर लवदार दिसू लागला की तो बदलायचा. धाग्यांचा दोर असा अंगावर लव उभी करून बोलत असे.

महाडच्या बंदरातली गलबते

आज महाड समुद्रापासून दूर, आत वसलेले गाव वाटते. पण सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळचे हे गाव मोठा काळ खाडीचे बंदर होते. बाणकोटच्या मुखातून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत. जलमार्ग विसाव्या शतकातही वापरात होता. डिसेंबर १९२७ मधल्या महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने येऊन दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले.

शिडाच्या जहाजावर कप्प्यांशिवाय पान हलत नाही. शीड चढवायचे, उतरवायचे, वाऱ्याप्रमाणे वळवायचे, माल काढायचा, नांगर उचलायचा, सगळीकडे दोर आणि कप्पी. येथे कप्प्यांची जोडी लागते, एक वर पक्की बांधलेली आणि एक भाराबरोबर हलणारी. हलत्या कप्पीला दोराचे दोन पदर धरून असतात, म्हणून प्रत्येक पदरावर निम्माच भार येतो. चार पदर केले तर पाव भार. त्या बदल्यात भार एक हात उचलायला दोर चार हात ओढावा लागतो. घाटाच्या वळणांचा सौदा येथेही आहेच.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूसच्या आर्किमिडीजने कप्प्यांची योजना करून भरलेले जहाज एकट्याने ओढून दाखवले, अशी कथा प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. कथेतला अतिशयोक्तीचा भाग सोडला तरी तत्त्व खरे आहे. पण वर्गात हे तत्त्व सांगताना आपण एक गोष्ट वगळतो, ती म्हणजे घर्षण. समजा प्रत्येक कप्पीवर ओढीचा दहावा हिस्सा वाया जातो. तर शंभर न्यूटनची ओढ पहिल्या कप्पीपलीकडे ९०, दुसऱ्यापलीकडे ८१, तिसऱ्यापलीकडे ७३ आणि चौथ्यापलीकडे सुमारे ६६ न्यूटन उरते. कप्प्या कोरड्या पडून प्रत्येकीवर पाचवा हिस्सा जाऊ लागला, तर चौथ्या कप्पीपलीकडे ४१ न्यूटनच पोचतात. कप्प्या वाढवल्या की फायदा वाढतो हे खरे, पण त्या नीट फिरत असतील तरच.

कप्पीचे चाक गोल, आस मधोमध आणि भोक नेमक्या मापाचे असणे किती महत्त्वाचे आहे हे ब्रिटिश आरमाराने ओळखले. त्या आरमाराला वर्षाला लाखभर कप्प्या लागत आणि त्या हाताने बनत. मार्क ब्रुनेलच्या कल्पनेप्रमाणे हेन्री मॉडस्ली याने पोर्ट्‌समथच्या गोदीत ४५ यंत्रे बसवली. १८०८ च्या सुमारास तिथून वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या आणि १० माणसे ११० कारागिरांचे काम करू लागली. यंत्रांनी एकसारख्या वस्तू मोठ्या संख्येने बनवण्याचा हा अगदी सुरुवातीचा कारखाना. जगाच्या औद्योगिक इतिहासात साध्या कप्पीला असे मानाचे पान आहे.

तुटण्याआधी सांगणारा दोर

जहाजांचे दोर ताग-अंबाडीसारख्या धाग्यांचे किंवा काथ्याचे होते. खाणींत मात्र ते पुरेनात. जर्मनीतल्या हार्ट्‌स पर्वतातल्या चांदीच्या खाणी जवळजवळ अर्धा किलोमीटर खोल गेल्या होत्या. ओलाव्याने दोर कुजत, म्हणून लोखंडी साखळ्या वापरल्या जात. साखळी दोरापेक्षा बळकट दिसते, पण तिचा एक दुर्गुण असा की ती शेवटपर्यंत काही बोलत नाही. शंभर कड्यांपैकी नव्याण्णव उत्तम असल्या आणि एकीत बारीक भेग असली तरी साखळी तुटते, तीही एका क्षणात.

क्लाउस्टाल येथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांना या अपघातांनी अस्वस्थ केले. एकदा भार टाकल्यावर न तुटणारी साखळी हजारो वेळा तोच भार उचलल्यावर का तुटते? हे पाहण्यासाठी १८२९ च्या सुमारास त्यांनी साखळीवर पुन्हापुन्हा भार टाकून प्रयोग केले. ज्याला आज आपण धातूचा शिणवटा म्हणतो, त्याचा हा पहिला पद्धतशीर अभ्यास मानतात. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण मागेपुढे पंचवीस वेळा वाकवली की तुटते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी करून पाहिलेले असते. आल्बर्ट यांनी त्याच अनुभवाचे माप घेतले.

त्यांनी शोधलेला उपाय १८३४ साली खाणीत उतरला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार-चार लोखंडी तारांचे तीन पेड हाताने वळून त्यांनी दोर तयार केला. हा जगातला पहिला आधुनिक तारदोर. त्यात एकूण बाराच तारा होत्या, पण एक तुटली तरी उरलेल्या अकरा भार वाटून घेत. शिवाय वळलेल्या दोरात तुटलेल्या तारेला शेजारच्या तारा आवळून धरतात, त्यामुळे थोड्या अंतरावर तीही पुन्हा भार घेऊ लागते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बाहेरच्या अंगाची तार तुटली की तिचे टोक वर येऊन दिसते, हाताला टोचते. साखळी मुकी होती. तारदोराला पुन्हा नाड्यासारखी वाचा आली.

या दोराला जपण्याचा एक नियम आहे. दोर कप्पीवरून जाताना वाकतो आणि त्यातल्या प्रत्येक तारेची बाहेरची बाजू ताणली जाते. तारेची जाडी भागिले चाकाचा व्यास असे या ताणाचे प्रमाण ढोबळमानाने काढता येते. एक मिलिमीटरची तार एक मीटर व्यासाच्या चाकावरून गेली तर ताण हजारात एक. तीच दहा सेंटिमीटरच्या चाकावरून गेली तर शंभरात एक, आणि एवढ्या ताणाने पोलादी तारेला कायमचा बाक येतो. रोपवेची चाके मोठी का असतात याचे हे एक कारण. जिथे चाक लहानच ठेवावे लागते तिथे तारा बारीक करून त्यांची संख्या वाढवतात. लहान विंचवरच्या दोरात सात पेड आणि प्रत्येक पेडात १९, म्हणजे एकूण १३३ तारा असू शकतात.

दोर बोलतो, पण त्याला बोलू दिले नाही तर? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे काम चालू असताना, १८७८ साली असे आढळले की तारा पुरवणारा कंत्राटदार तपासणीत उतरलेल्या चांगल्या तारांच्या जागी वाईट तारा पाठवत होता. बऱ्याच वाईट तारा तोवर दोरांत गेल्या होत्या आणि त्या काढणे शक्य नव्हते. पण पुलाची आखणी गरजेच्या सहापट बळाची होती. प्रत्येक दोरात सुमारे १५० चांगल्या तारा वाढवल्या आणि सुरक्षा गुणक सहाच्या जागी पाच राहील असा हिशेब मांडून काम पुढे नेले. १८८३ साली खुला झालेला तो पूल आजही उभा आहे. सुरक्षा गुणक म्हणजे कोणाच्या तरी लबाडीसाठी, गंजासाठी, विसरभोळेपणासाठी आधीच काढून ठेवलेली शिल्लक. ती रोजच्या खर्चाला काढायची नसते.

तुटल्यावर थांबवणारा ब्रेक

आता पुढचा प्रश्न. एवढे करूनही दोर तुटलाच तर? १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उचलयंत्राच्या फळीवर उभा राहिला आणि प्रेक्षकांसमोर त्याने वरचा दोर कापायला लावला. फळी किंचित खाली आली आणि थांबली. युक्ती अशी होती: दोर फळीवर एका वाकणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगला बांधलेला होता. दोर ताणलेला असेपर्यंत स्प्रिंग वाकलेली राही. दोर सुटला की ती सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत घुसत.

यातला विचार मुलांना नक्की आवडतो. ब्रेक लावायला दोर लागत नाही. ब्रेक उघडा ठेवायला दोर लागतो. दोर गेला की ब्रेक आपोआप लागतो, म्हणजे बिघाड झाला तर यंत्र सुरक्षित बाजूला झुकते. आज इमारतींच्या लिफ्टपासून रोपवेच्या पाळण्यापर्यंत हाच विचार निरनिराळ्या रूपांत वापरलेला असतो.

एक दांडा, चार कोपरे

आतापर्यंत पाहिलेले सगळे, म्हणजे कप्पी, तारदोर, घर्षण आणि ब्रेक, एकत्र असलेले एक छोटे यंत्र घेऊन दोष शोधण्याची पद्धत पाहू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे घरगाडी हा शब्द आता आपल्याकडेही ओळखीचा होतो आहे. अमेरिकेत मोटारीमागे जोडायची एक मिटणारी घरगाडी मिळते. रस्त्यावरून जाताना तिचे छप्पर खाली बसलेले असते. मुक्कामी पोचल्यावर एक दांडा फिरवला की चारी कोपऱ्यांवरच्या, नळीत नळी सरकणाऱ्या खांबांवर ते वर उठते. दांडा एका विंचचा असतो. विंच एक मुख्य तारदोर ओढते आणि तो दोर गाडीखालची एक पट्टी ओढतो. त्या पट्टीला चार कोपऱ्यांचे चार दोर जोडलेले असतात. या गाड्या बऱ्याचदा जुन्या विकत घेतल्या जातात आणि छप्पर नीट उठत नाही ही त्यांची नेहमीची तक्रार असते.

कुठून सुरुवात करायची? हातापासून भारापर्यंत दोराच्या वाटेने चालत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचे, हा भाग सगळ्यांचा सामाईक आहे की एकाच कोपऱ्याचा?

चारी कोपरे सारखेच अडत असतील, दांडा जड जात असेल, तर दोष सामाईक भागात आहे. विंच कोरडी आहे, मुख्य दोराची कप्पी फिरत नाही, किंवा छपरावरच नको तेवढा भार आहे. तीन कोपरे उठले आणि एकच मागे राहिला, तर सामाईक भाग निर्दोष आहे. त्या एका कोपऱ्याचा दोर ताणला गेला असेल, त्याची कप्पी अडकली असेल किंवा तो खांब वाकला असेल. दांडा हलका फिरतो आणि छप्पर हलतच नाही, तर दोर तुटला आहे किंवा विंचवरून सुटला आहे. दांडा सोडताच उलटा गरगर फिरतो, तर ब्रेक झिजला आहे.

सगळ्यांत फसवे लक्षण उतरवतानाचे असते. दोर ढिला पडतो पण छप्पर खाली येत नाही. दोर ढिला आहे याचा अर्थ तो भार पेलत नाही. मग भार कोण पेलते आहे? गंजून अडकलेला खांब. तो कधी सुटेल याचा नेम नाही आणि सुटला की छप्पर थेट खाली येते. म्हणून तपासायच्या आधी छपराला खालून भक्कम लाकडी टेकू द्यायचा आणि टेकू नसताना त्याखाली हात किंवा डोके घालायचे नाही.

अशी गाडी आपल्या गावात नसली तरी तिची भावंडे असतात. छताला टांगलेली कपडे वाळत घालायची काठी एका बाजूने वर जाते आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळते. स्नेहसंमेलनात पडदा तिरका उठतो आणि प्रेक्षक हसतात. एकच दोर ओळीने चार कप्प्यांवरून नेला असेल तर दूरच्या कप्पीपर्यंत ओढ कमी पोचते, हा हिशेब आपण वर केलाच आहे. बैलजोडीतही हीच अडचण येते. एक बैल दमला तर शेतकरी जुवाची मधली गाठ दुसऱ्या, ताज्या बैलाकडे थोडी सरकवतो. गाठ ज्याच्या जवळ, त्याच्या मानेवर भाराचा मोठा वाटा. समान वाटणी आपोआप होत नसते, ती पाहून करावी लागते.

कुरकुर बंद केली तेव्हा

इतिहासाचा शेवटचा प्रसंग अलीकडचा आहे. इटलीत माजोरे सरोवराच्या काठावरून मोत्तारोने डोंगरावर जाणारा एक रोपवे होता. रायगडासारखाच, पाळणा जाड दोरावर चालणारा आणि दुसऱ्या दोराने ओढला जाणारा. २३ मे २०२१ रोजी पाळणा वरच्या स्थानकाच्या अगदी जवळ पोचला असता ओढणारा दोर तुटला. पाळण्याला संकटकाळचा ब्रेक होता. दोर तुटताच त्याने जाड दोर पकडायला हवा होता. त्याने पकडला नाही. पाळणा उताराने मागे धावत सुटला आणि कोसळला. चौदा माणसे गेली. एक पाच वर्षांचा मुलगा तेवढा वाचला.

ब्रेक नादुरुस्त नव्हता. तो आधीच्या काही दिवसांत विनाकारण लागत होता, फेऱ्या अडत होत्या, म्हणून लोखंडी चिमटे अडकवून तो मुद्दाम उघडा ठेवण्यात आला होता. दोर जिथे पाळण्याला जोडला होता तिथल्या अनेक तारा आधीपासूनच शिणून आणि गंजून तुटलेल्या होत्या, असे पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत दिसून आले. म्हणजे तारा बोलत होत्या आणि ब्रेक कुरकुरत होता. आल्बर्टने दोराला वाचा दिली होती, ओटिसने दोर गेल्यावरची सोय केली होती. त्या दोन्हींवर मात करायला दोन चिमटे पुरले.

वारंवार लागणारा ब्रेक ही अडचण नसते, ते लक्षण असते. अडचण काढून टाकणे आणि दोष शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम लवकर होते, म्हणून त्याचा मोह पडतो. वितळतार सारखी जाते म्हणून तिच्या जागी जाड तार घालणारा माणूस आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतो. त्यानेही नेमके हेच केलेले असते.

वर्गात करून पाहण्यासारखे

तीन गोष्टी सुचवतो. पहिली: तीन पेडांची सुतळी घेऊन तिला एक वजन टांगा आणि पेड एकेक करून कापा. सुतळी किती वेळ तग धरते आणि तुटण्याआधी काय काय दिसते, हे मुलांना वहीत लिहू द्या. मग तेवढ्याच जाडीचा एकसंध प्लॅस्टिकचा धागा घेऊन त्यावर बारीक खाच करा आणि तुलना करा. वजन जमिनीपासून चार बोटेच वर ठेवा आणि पाय दूर.

दुसरी: दोऱ्याची चार रिकामी रिळे चार खिळ्यांवर बसवून त्यांवरून एकच दोरी न्या आणि शेवटी एक वजन टांगा. ते वजन सावकाश वर ओढताना दोरीला स्प्रिंगचा काटा लावून किती ओढ लागते ते मोजा. मग एका रिळाला कागदाची पाचर मारून ते अडवा आणि पुन्हा मोजा. पाचर कोणत्या रिळाला मारली हे न सांगता दुसऱ्या गटाला ते शोधायला लावा. त्यांनी रिळे एकेक करून सोडवली तर उत्तर मिळेल. पण आधी दोरी बोटाने दाबून कुठे ताण जास्त आणि कुठे कमी हे पाहिले, तर उत्तर लवकर मिळेल.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेबाहेरची. प्रत्येक शाळेत एक कप्पी असतेच, ध्वजस्तंभाच्या टोकाला. महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा १५ ऑगस्टच्या आधी पडून गेलेला असतो. कप्पीचा आस गंजतो, दोरी भिजून फुगते, कधी ती चाकावरून घसरून चाक आणि पट्टी यांच्या फटीत अडकते. मग झेंडा अर्ध्यावर थांबतो आणि सगळी शाळा वर पाहत राहते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आठवीच्या दोन-तीन मुलांना तिथे न्यावे आणि दोरी दोन्ही बाजूंनी सावकाश ओढायला सांगावे. हाताला काय लागते, कानाला काय ऐकू येते आणि त्यावरून दोष कुठे असावा, याचा अंदाज त्यांनी आधी लिहून काढावा. स्तंभ उतरवून कप्पी पाहायची ती त्यानंतर.